एकशेवीस डाव्या बाह्या

४ फेब्रुवारी, मंगळवार

कात्री! हा एवढा शब्द सापडेना. बावीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलाशी उभी आहे आणि आज चष्मेवालीला म्हणाले, "ते दे गं... ते, कागद कापायचं." ती हसली. तिला वाटलं, ताई थट्टा करताहेत. मीही हसून घेतलं. खडू कसा धरायचा इथपासून हिला मी शिकवलं, त्याला आठ वर्षं झाली. तिच्यासमोरच ही फजिती.

केमोचा चौथा डोस होऊन तेरा दिवस झाले. उलट्या थांबल्या. तोंडाला चव आली. कारखान्यात सगळ्या म्हणतात, आता चेहरा जरा तरतरीत दिसतोय. तरतरीत कसला – टोपी घट्ट आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दोनदा आंघोळ केली. टॉवेल ओला का, असा विचार करत बसले तेव्हा उलगडा झाला.

ह्यांनी फ्रिजवर कागद चिकटवलाय. "गोळी घेतली" आणि "गोळी राहिली" असे दोन रकाने. रोज एकावर खूण करायची. मी आज दोन्हींवर केली. हे म्हणाले, "म्हणजे अर्धी घेतलीस का?" हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मग राग आला, कुणावर ते कळलं नाही. दुपारभर घरात येरझाऱ्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

पाचव्या डोसाआधीची रक्ततपासणी. नर्सला शेवटी सांगून टाकलं – शब्द सापडत नाहीत, केलेलं आठवत नाही, दोन माणसं एकदम बोलायला लागली की डोकं बंद पडतं. मला वाटलं ती दचकेल. ती म्हणाली, "होतं असं. डोक्यावर मळभ आल्यासारखं वाटतं ना? बऱ्याच जणींना होतं. हळूहळू निवळतं."

"कधी?"

"कुणाचं काही महिन्यांत, कुणाला जास्त वेळ लागतो."

"आणि कुणाचं निवळतच नाही?"

ती रक्तदाबाचा पट्टा आवळत बसली. मग म्हणाली, "लिहून ठेवत जा. आणि कामावर सांगून ठेवा."

लिहितेच आहे. कामावर सांगणार नाही. शिवण चुकली तर उसवता येते, काप चुकला की कापड गेलं – त्यामुळे ज्याच्या डोक्याचा भरवसा नाही त्याला टेबलाशी कोण उभं करेल? बटणं लावायला बसवतील. घरात सगळे मला काचेच्या बरणीसारखं उचलतात आणि ठेवतात. त्या टेबलाशी तेवढी मी अजून मीच आहे. ते सोडायचं नाही. कुणाला काही कळू द्यायचं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल पाचवा झाला. काही लिहवत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कामावर. हे म्हणाले, अजून चार दिवस थांब. थांबून काय करू? घरात भिंती मोजून झाल्या.

मोठं काम आलंय. एका हॉटेलच्या वेटरांचे साठ कोट, गडद निळे. मालकीणबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही आहात म्हणून घेतलं." मान डोलावली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पुढचे भाग कापले. प्रत्येक गोष्ट तीनदा तपासते. ओठांतल्या ओठांत पुटपुटते – थर मोजले, खुणा केल्या, खाचा दिल्या. चष्मेवाली म्हणते, "ताई, जप करताय का?" म्हटलं, हो, तू गप्प राहावीस म्हणून.

एकही चूक नाही! घरी आले ती उड्या मारतच. मग स्वतःची परीक्षा घेतली, सतराचा पाढा. 'सतरा सक'पाशी गाडी अडली. शाळेत मी तो उलटा म्हणायचे. आता झोपेपर्यंत हेच चालणार.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लिहून टाकते.

सकाळी शिलाईतली एकजण दोन बाह्या घेऊन आली. "ताई, ह्या हॉटेलात सगळ्यांना दोन्ही हात डावेच आहेत का?" मला विनोद कळला नाही. मग गठ्ठा उघडला. एकशेवीस बाह्या. सगळ्या डाव्या.

कापड पसरताना दर दुसरा थर पालथा टाकायचा, म्हणजे एका कापात डावी-उजवी अशी जोडी निघते. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. कुणीतरी सगळे थर सुलटे टाकले होते. आणि त्या रंगाचं कापड संपलंय. पुन्हा मिळायचं नाही.

मालकीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "शनिवारी बाह्या कुणी मांडल्या?" एवढंच विचारलं. शनिवारी त्या नसतात, शिलाईला सुट्टी असते. टेबलाशी आम्ही दोघीच. चष्मेवाली चष्मा पुसत राहिली.

मी शनिवार शोधू लागले. आधी काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. मग हळूहळू दिसलं – निळं कापड, वरच्या थरावर बाहीचा नमुना, त्याच्या कडेने फिरणारा खडू, खडूमागे माझा हात.

म्हटलं, "माझ्या हातून झालं."

आणि मग थांबताच येईना. कात्री, आंघोळ, पाढा, सगळं सांगितलं. सगळ्यांसमोर. शिलाईची मशिनं थांबली होती. मालकीणबाई म्हणाल्या, "ताई, आधी सांगायचं नाही का?" मग खाली बघत, "काही दिवस बटणांचं बघाल?"

बघेन म्हटलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बटणं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

चष्मेवाली तीनदा चहा घेऊन आली. बसली एकदाही नाही. मला तिची कीव नको. टेबल आता तिच्याकडे आहे, तिने ते नीट सांभाळावं. बाह्यांसाठी वेगळ्या रंगाचं कापड चालेल का, हे मालकीणबाई हॉटेलवाल्यांना विचारताहेत. ते मी न ऐकल्यासारखं केलं.

गंमत अशी की तो शनिवार आता लख्ख आठवतो. खडू मध्येच तुटला, तुकडा टेबलाखाली गेला, मी वाकले नाही, दुसरा घेतला. गेल्या महिनाभरातलं दुसरं काहीही इतकं स्पष्ट आठवत नाही. काल जेवले काय ते विचाराल तर सांगता येणार नाही. बरं झालं म्हणायचं, निदान आपला गुन्हा तरी आठवतोय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चौदा कोटांची बटणं लावली. त्यात दोनदा उठून टेबलापर्यंत गेले आणि कशाला आले ते न कळून परत आले. पाय आपोआप जातात तिकडे.

ह्यांना सांगितलं, सहावा डोस झाला की काम सोडते. हे म्हणाले, "सोड. पण मग दिवसभर घरात मला कापशील." मी हसले नाही. तेव्हा जवळ येऊन बसले. म्हणाले, "एका चुकीवरून बावीस वर्षं फेकून देणार?" म्हटलं, चुकीचं नाही हो, भीतीचं आहे. उद्या ह्याहून वाईट काही केलं आणि कळलंच नाही तर? हे माझा हात धरून बसले. मला तेवढंही बसवेना, उठून कपाट आवरायला घेतलं.

राजीनामा लिहून ठेवलाय. चार ओळी. सोमवारी देते.

१ मार्च, शनिवार

चष्मेवाली घरी आली. दारातच रडायला लागली. "ताई, त्या बाह्या मी मांडल्या. तुम्हाला चक्कर आली म्हणून तुम्ही अकरालाच घरी गेला होतात. कापड मी जेवणानंतर उघडलं. तुम्ही आपणहून म्हणालात आणि मी गप्प बसले." आतून हे बाहेर आले. "बाह्या त्या शनिवारच्या होत्या? अगं, त्या दिवशी तर मीच तुला घ्यायला आलो होतो."

सोमवारी ती मालकीणबाईंना सांगणार आहे. चूक माझी नव्हती. हे तर आनंदाने चहा टाकायला गेलेत.

पण मला ती केल्याचं आठवतंय. आत्तासुद्धा. खडू तुटल्याच्या आवाजासकट.