टाच टेकेपर्यंत दुकान बंद

प्रिय धाकट्यास,

दादाचे अनेक आशीर्वाद, आणि आता तूही एका सलूनचा मालक झाला आहेस म्हणून वर एक नमस्कार. (नमस्कार दुकानाला आहे, तुला नाही. तू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान होतास आणि लहानच राहणार.) तुझी तब्येत कशी आहे? घरचे सगळे बरे ना? छोटीला दात आले असतील. तुला आले तेव्हा तू सगळ्यात आधी मला चावला होतास, तेव्हा सांभाळून. चार वर्षांत तुला हे पहिलंच पत्र लिहितोय. फोन करणार होतो, पण फोनवर तू मध्येच बोलतोस, मग मी चिडतो, आणि मग काय होतं ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. पत्रात तुला गप्प बसून ऐकावं लागतं. एक मात्र आधीच सांगून ठेवतो, हे पत्र तुला बोलवायला लिहिलेलं नाही. आमचं इथे अगदी झकास चाललं आहे.

तर माझ्या उजव्या टाचेचं ऑपरेशन झालं. सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसल्यासारखं व्हायचं, माझं ते लंगडणं तुला ठाऊकच आहे. (मी तुला चप्पल चावते म्हणून सांगायचो. चप्पल चावत नव्हती.) इंजेक्शनं झाली, बुटात मऊ गाद्या झाल्या, पायाखाली बाटली घोळवून झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, बत्तीस वर्षं रोज बारा तास फरशीवर उभं राहिल्यावर टाचेनं आणखी किती सोसायचं? कमरेखाली भूल दिली, म्हणजे पाय झोपला आणि तोंड जागं राहिलं. (तुझ्या वहिनीचं म्हणणं, भूल वरच्या बाजूला द्यायला हवी होती.) काम निम्म्यावर आल्यावर डॉक्टर मला बरं वाटतंय ना ते विचारायला पडद्यावरून वाकले, आणि टोपीखालून त्यांचे कल्ले दिसले. डावा उजव्यापेक्षा चांगलं अर्धं बोट वर! कुणी कापले होते देव जाणे. मी बराच वेळ कळ काढली, पण सवय ती सवय. डोळ्यांनी माप घेता घेता तोंडातून निघून गेलं, ‘डोकं हलवू नका!’ आणि तो बिचारा माणूस हातात सुरी घेऊन खरोखरच स्तब्ध उभा राहिला. नर्स हसायची थांबेपर्यंत माझी टाच उघडी पडून होती.

आता सहा आठवडे टाच टेकवायची नाही. वहिनीने माझी खाट पुढच्या खोलीत खिडकीशी लावली आहे, पायाखाली तीन उशा, डोक्याखाली एक. (चौथी उशी मागितली तर घरात तीनच आहेत म्हणाली, म्हणजे माझ्या डोक्याखालची बहुधा शेजारच्यांची आहे.) खिडकी उंच, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्यांची नुसती डोकी दिसतात. दुसऱ्या कुणाला ते कंटाळवाणं वाटेल, पण मला चेहरे कशाला हवेत? बँकेतला कारकून, औषधवाला, दोघे जुळे भाऊ, सगळे मानेवरून कळतात. कळतं म्हणूनच जीव जळतो. आपली गिऱ्हाइकं कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात जाऊन मागून ओरबाडल्यासारखी होऊन परततात, आणि खिडकीखालून जाताना कॉलर वर करतात.

एक मास्तर तेवढे एकनिष्ठ. मला भेटायला म्हणून आले, तर केस कानांवर आलेले. दुसरीकडे जाणार नाही म्हणाले. मला भरून आलं. मी वहिनीची नजर चुकवून कात्री मागवली, मास्तरांना खाटेशेजारी पाटावर पाठमोरं बसवलं आणि कुशीवर पडल्या पडल्या कापायला घेतलं. हात तोच, कात्री तीच, पण एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. मी आडवा होतो आणि मास्तर ताठ बसले होते. मी आपला माझ्या डोळ्यांना सरळ दिसेल तशी मानेवरची रेघ मारली. मास्तर उठले आणि बघतो तर रेघ एका कानाखालून निघून दुसऱ्या कानाच्या वर गेलेली! मास्तर भला माणूस. मान जरा कलती ठेवली की सरळ दिसतं म्हणाले, आणि तसेच मान कलती ठेवून घरी गेले. त्यांच्या बायकोला वाटलं मान लचकली, तिने शेक दिला.

टाके काढताना डॉक्टर म्हणाले, यापुढे बसून काम करायचं. मी म्हणालो, आमच्या धंद्यात बसत नाहीत. त्यावर तुझ्या वहिनीने माझ्याकडे असं काही बघितलं की मी मुकाट मान डोलावली. घरी आल्यावर तिने माळ्यावरून तुझं ते चाकांचं स्टूल काढलं. हो, तेच. ज्यावर बसून केस कापावेत असं तू म्हणालास, आणि बसूनच कापायचे असतील तर स्वतःच्या घरी जाऊन काप असं मी म्हणालो, आणि तू खरंच गेलास. मी सहज बोललो होतो रे. संध्याकाळी येशील असं धरून मी दुकान एक तास उशिरा बंद केलं होतं. असो. स्टूलवर बसून पाहिलं. पहिल्यांदा सरळ स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्याला धडकलो, पण चाकं उत्तम आहेत. तू बरोबर होतास. (हे वाक्य एकदाच वाचावं आणि पुढे जावं. वहिनीला दाखवायला आणू नये.)

दुकानातली तुझी खुर्ची अजून तशीच आहे. दुकान उघडं असलं की रोज सकाळी माझ्या खुर्चीबरोबर तिलाही पुसतो, तिच्या हातांवर कापड टाकतो. गर्दी असली की कुणीतरी विचारतंच, इथे बसू का? मी म्हणतो, नको, माणूस येतोय. चार वर्षं म्हणतोय. दोन कापांच्या मध्ये कात्री हवेत नुसतीच वाजवायची तुझी खोड होती, त्यावरून मी तुला किती बोलायचो! आता दुपारी पडल्या पडल्या तोच आवाज आठवतो. तुझी फार आठवण येते, धाकट्या. दुकान बंद आहे त्याचं एवढं नाही वाटत. दुकान उघडं असतानाही ती आठवण येतच होती.

पण तू येण्याची तसदी घेऊ नकोस. तुझा धंदा आहे, संसार आहे. छोटीला गोड पापा.

तुझा,
दादा

ता. क. – वहिनीने पत्र वाचलं. ती तसदीची ओळ खोटी आहे असं तिचं मत आहे. ते मी खोडून काढू शकलो नाही.

ता. क. २ – तू सात वर्षांचा होतास तेव्हापासून तुझे केस मी कापले, आणि तुझ्या हाताला वळण आलं तेव्हापासून माझे तू. तू गेल्यापासून माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. दोन आरशांच्या मध्ये उभं राहून मीच कापत आलो, मागचं अंदाजाने. आता उभं राहता येत नाही आणि केस कॉलरवर आलेत. रविवारी ये. कसेही काप, मी एका शब्दाने बोलणार नाही. फक्त घाई करू नकोस. सावकाश काप.