पाच उसने मायक्रोस्कोप

आबा,

आज सकाळपासून तुमच्याशी भांडावंसं वाटतंय. भांडण जुनंच आहे, पण मिटलेलं नाही. तुम्ही कॉलेजात हेडक्लार्क होतात आणि विद्यापीठ होतं पुण्यात. कोल्हापुरात नवा वर्ग काढायचा तर अर्ज तिकडे जायचा, मग तिघांची समिती गाडीने यायची, कपाटं उघडून बघायची आणि तिच्या अहवालावरून वर्ग द्यायचा की नाही ते तिकडच्या सभेत ठरायचं. त्या वर्षी आपल्या कॉलेजने सायन्सचा वर्ग मागितला होता. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. मला पुण्याला ठेवणं तुम्हाला झेपणारं नव्हतं, म्हणजे तो वर्ग निघाला तरच माझं सायन्स होणार होतं.

मायक्रोस्कोप नऊ हवे होते, आपल्याकडे चार. उरलेले पाच शाहूपुरीकडच्या एका कॉलेजातून टांग्याने आले, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. समिती आली की सगळेच तसं करायचे. तुम्हीच ते मांडीवर धरून आणलेत. आणि समितीतले एक म्हातारे गृहस्थ त्यातला एक उचलून पालथा करतात. बुडाशी दुसऱ्याच कॉलेजचं नाव! "हे तुमचेच ना?" प्रिन्सिपॉलसाहेब छताकडे बघतात. तुम्ही म्हणता, "न्हाय साहेब. पाच उसनं आणल्यात."

वर्ग मिळाला नाही. आई चिडून म्हणाली, "पावणं यायचं म्हटल्यावर शेजारची ताटं आणतोच की आपण!" तुम्ही म्हणालात, "आणतो. पण कुणाची म्हणून इचारलं तर आपली म्हणतीस व्हय?" आईने विषय सोडला. मी नाही सोडला. खरं तुम्ही बोललात आणि शिक्षा मला, असं तोंडावर म्हटलं. तुम्ही पाचही मायक्रोस्कोप पुसून परत पोचवायला गेलात.

मी आर्ट्सला गेले, शिकवायला लागले आणि आता पिकल्या केसांनी स्वतःच अशा समित्यांवर जाते. विद्यापीठ आता गावातच आहे, कपाटं दाखवायची रीत मात्र तीच. काल पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका कॉलेजात गेलो होतो. वर्ग मिळतो का बघायला मुली दाराशी जमल्या होत्या. मी एक मायक्रोस्कोप पालथा केला. बुडाशी दुसऱ्याच कॉलेजचं नाव होतं. मी तो होता तसा ठेवला, कुणाला काही विचारलं नाही आणि वर्ग द्यावा म्हणणाऱ्या अहवालावर सही केली.

काल वाटलं, बरोबर केलं. आज कशातच लक्ष लागत नाही. हे वाचायला तुम्ही नाही, म्हणून तर लिहिलं. असतात, तर सहीचं सांगितलंच नसतं.