‘सोडा’ म्हणजे नक्की काय

सन्माननीय व्याहीबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. (वाकून केला आहे असं समजावं, गुडघा ऐकत नाही.) तुमची शुगर ताब्यात असेल आणि विहीणबाईंचा खांदा आता वर जात असेल, अशी आशा. तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे जावईबापू, बदलीमुळे आमच्याकडे राहायला आल्यापासून घर भरलं आहे. फक्त आवाज होत नाही. त्यांनी दुकान सांभाळलं नाही म्हणून तुम्ही त्यांच्याशी बोलणं टाकलंत, हे मला ठाऊक आहे. बापलेकांच्या भांडणात मी पडत नाही. पण ते आमच्याशीही बोलत नाहीत, हे जरा अतीच झालं.

शेवटी लेकीने युक्ती सांगितली. जावईबापू कॉम्प्युटरवर लढाऊ विमानं उडवतात, आणि एकदा कानाला हेडफोन चढला की साथीदारांशी चुरूचुरू बोलतात. म्हटलं, आपणही साथीदार व्हावं. जुना कॉम्प्युटर आणि एक दांडा आणला. हा दांडा मागे ओढला की विमान वर जातं आणि पुढे ढकलला की खाली. (हे कोणी ठरवलं देव जाणे.) मी पडलो ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर. उभा जन्म शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारला. त्यामुळे जमीन अंगावर आली की माझा पाय टेबलाखाली ब्रेक शोधतो. (तिथे कचऱ्याची टोपली होती. आता नाही.) सुरुवातीला तर मी धावपट्टीवरून उठलोच नाही, मागून कोणी येतंय का ते बघत थांबलो, तोवर मागचे येऊन आदळले. सौ.ने दारातून विचारलं, "विमा उतरवलाय ना?"

जावईबापू मात्र शिकवू लागले. ते त्यांच्या खोलीत, मी माझ्या, मध्ये भिंत. "नाक वर घ्या", "वेग सांभाळा", असं भरभरून बोलणं सुरू झालं. मग परवा रीतसर लढाई झाली. समोर विमान आलं, मी नेम धरला, इतक्यात जावईबापू कानात ओरडले, "सोडा! सोडा!" आता गाडी शिकवताना ‘सोडा’ म्हणजे क्लच सोडा, तोही हळूच. विमानाला क्लच नाही. मग सोडण्यासारखं उरलं काय? रॉकेट. सोडलं. नेम असा, की विचारू नका. त्यांना म्हणायचं होतं, मला सोडा. विमान त्यांचंच होतं.

भिंतीपलीकडे सामसूम. म्हटलं, झालं, होतं नव्हतं ते बोलणंही आपण पाडलं. खरंच वाईट वाटलं हो. आणि मग ते हसायला लागले, अगदी पोट धरून. लेक पळत आली. इतकं हसणं तिने लग्नानंतर ऐकलं नव्हतं. म्हणाले, "आमच्या बाबांनीही हेच केलं असतं. आधी पाडलं असतं, मग विचारलं असतं, कोण होतं."

बाकी ठीक. विहीणबाईंना नमस्कार सांगावा.

आपला,
व्याही (तूर्त जमिनीवर)

ता. क. : आमच्या तुकडीत एक विमान रिकामं आहे. कोणाला घ्यावं, असं विचारल्यावर जावईबापूंनी हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाले, "बाबांना जमेल. पण माझा फोन ते उचलणार नाहीत." मी म्हटलं, उचलतील. तुमच्या वतीने बोलून बसलो आहे.

आणखी एक ता. क. : ते रविवारी सकाळी फोन करणार आहेत. नंबर लावून परत ठेवून देताना मी त्यांना पाहिलं आहे. दांडा मी पाठवतो, विमानही शिकवतो. फक्त तुम्ही फोन उचलला नाहीत तर त्यांना काय सांगायचं, तेवढं कळवा. मला सुचत नाही.