फाटकाबाहेरच्या दोघी

३ जुलै
आलो एकदाचे! जेद्दाच्या विमानतळावर कादिर फुलं घेऊन उभा होता. आलिमा आधी माझ्या ओढणीमागे लपली. बाप तिला आतापर्यंत मोबाइलमध्येच दिसायचा ना. मग त्याने तिला खांद्यावर घेतलं आणि गाडीत बसेपर्यंत तिची बडबड काही थांबली नाही.

राबिघच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत वळलं की आमची वाडी. वाडी म्हणजे कफीलची, कादिरला व्हिसा देऊन इथे आणणाऱ्या अरब मालकाची. खजुराची झाडं, बकऱ्या, दोन पंप आणि या सगळ्यावर मॅनेजर म्हणून कादिर. कफील जेद्दाला राहतो आणि थंडीत कधीतरी इकडे येतो. घर माझ्या कल्पनेपेक्षा मोठं निघालं. तीन खोल्या (त्यांतली एक कफीलची, कायम कुलूपबंद), ऐसपैस स्वयंपाकघर, भोवती उंच भिंत आणि हिरवं लोखंडी फाटक. समुद्र दिसत नाही, पण संध्याकाळी वाऱ्याला त्याचा वास येतो. मला तेवढ्यानेही आमची हर्णै आठवली.

पंपावर पांडू म्हणून गुहागरचा माणूस आहे. आमच्यासाठी सुरमई तळून घेऊन आला. म्हणाला, "वहिनी, मासा तोच आहे, पण चव आपल्याकडची नाही हो. पाणीच वेगळं." मी म्हटलं, उद्यापासून मसाला माझा. शाळेत शिकवायचं सुटलं तरी डायरी लिहायची सवय सोडायची नाही असं ठरवलंय.

५ जुलै
जुम्म्याची नमाज झाल्यावर कफील आला. आलिमासाठी खेळणी आणली होती आणि गाडीतून चादरीत गुंडाळलेल्या दोन बंदुकाही काढल्या. पलीकडच्या एका वाडीत चोर शिरले होते, राखणदाराला मारून केबल आणि बकऱ्या घेऊन गेले. आता तुझं कुटुंब आलंय, घरात एक असू दे, असं तो कादिरला म्हणाला. लायसन त्याच्या नावावर. मी कादिरला आत बोलावून सांगितलं की आपण परदेशी माणसं, कुणी पाहिलं तर इकामा, इथे राहायचा परवानाही जाईल आणि तुम्हीही आत जाल. कफीलला ते कळलं असावं. हसून म्हणाला, माफी मुश्किला, काही अडचण नाही. कादिरला नाही म्हणता आलं नाही. इथे कफीलला कोण नाही म्हणतं?

त्याने दोन्ही हाताळून पाहिल्या आणि जुनी दुनळी ठेवून घेतली. ती मधून मोडून उघडली की आत काडतूस आहे की नाही ते कुणालाही दिसतं. दुसरीच्या पोटात एखादं राहून गेलं तर कळणारही नाही, असं तो म्हणाला. त्याने एवढा विचार केला हे मला बरं वाटलं.

मग मी माझ्या अटी घातल्या. बंदूक कोठीतल्या लोखंडी कपाटात, रिकामी. कपाट भिंतीला बोल्टने आवळलेलं हवं. काडतुसं तिथे नाहीत, स्वयंपाकघराच्या माळ्यावर वेगळ्या पेटीत. कपाटाची किल्ली त्याच्याकडे, पेटीची माझ्याकडे. कादिर म्हणाला, चोर आल्यावर मी आधी तुझ्याकडे अर्ज करायचा का? पण ऐकलं त्याने.

आलिमापासून मी लपवलं नाही. लपवलेली वस्तू पोरं शोधतातच. बंदूक तिला लांबून दाखवली आणि सांगितलं: कुठेही दिसली तर हात लावायचा नाही, खोलीबाहेर यायचं, मला हाक मारायची. पाढ्यासारखं घोकून घेतलं. "नो टच, गो आउट, टेल अम्मी," ती तिच्या शाळेच्या ठसक्यात म्हणाली.

११ जुलै
दुपार इथली फार वाईट. बारानंतर कुणी बाहेर काम करत नाही. पांडू आणि बाकीची माणसं पंपापलीकडच्या खोलीत झोपतात. उजेड इतका की फाटकाकडे बघवत नाही. झाडांच्या सावल्याही पायाशी गोळा होतात.

कादिर झोपत नाही. खिडकीशी बसतो. आज म्हणाला, फाटकाच्या गजांपलीकडे पायघोळ काळ्या अबायातली एक बाई उभी होती, एका लहान मुलीचा हात धरून. तो पाण्याची बाटली घेऊन गेला तर कुणीच नाही. मी म्हटलं, कुणाची गाडी बंद पडली असेल. तो म्हणाला, चाकांच्या खुणा नाहीत.

१५ जुलै
त्या दोघी परत आल्या, असं तो म्हणतो. चोर आधी बायकापोरांना पाठवून घर बघून घेतात, हे त्याला कुणीतरी सांगितलंय. बंदूक कपाटातून काढून त्याने पुढच्या खोलीत वरच्या खिळ्याला लावली. मी विरोध केला. आवाज चढले. लग्न झाल्यापासून तो माझ्यावर असा कधी ओरडला नव्हता. माळ्यावरच्या पेटीची किल्ली मागितली. दिली नाही.

१८ जुलै
पेटीचं कुलूप तोडलेलं सापडलं. विचारलं तर म्हणाला, घर माझं आहे, राखणही मीच करायची.

दुपारी आलिमा धावत स्वयंपाकघरात आली. बंदूक निजायच्या खोलीत दारामागे उभी होती. तिने हात लावला नव्हता. शिकवल्याप्रमाणे बाहेर येऊन मला सांगितलं. मी तिला जवळ घेतलं, शाबासकी दिली. इतका वेळ घट्ट धरून ठेवलं की तिनेच मला विचारलं, अम्मी, थंडी वाजते का?

काडतुसं त्याच्या सदऱ्याच्या खिशात असतात. चालला की वाजतात.

१९ जुलै
पांडूला गाठलं. त्याने फाटकाशी कुणालाच पाहिलेलं नाही. सांगू की नको असं करत म्हणाला, "वहिनी, साहेब दुपारचे फाटकाशी जाऊन बोलतात. बराच वेळ. पलीकडे कोणीसुद्धा नसतं." उन्हाने होत असेल, डॉक्टरला दाखवा, असंही म्हणाला.

कादिरकडे डॉक्टरचा विषय काढला. तो हसला. नेहमीचं, छान हसला. मला बरं वाटलं.

२२ जुलै
मी आणि आलिमा घावणे करत होतो. बार झाला. तवा हातातून पडला.

पळत दारात गेले. कादिर अंगणात उभा, बंदुकीतून धूर. त्याने फाटकावरून गोळी झाडली होती. वळून त्याने आम्हा दोघींना पाहिलं आणि मटकन खाली बसला. रडायला लागला. म्हणाला, "अल्लाने वाचवलं गं, हफीजा. तुम्हीच होतात तिथे. तिने तोंडावरचं कापड बाजूला केलं, तू होतीस. आणि आलिमा. मी तुम्हालाच मारणार होतो."

मी म्हटलं, आम्ही घरातच होतो.

त्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघत राहिला.

मक्केला जुनैदला फोन केला. माझा भाऊ, तिथल्या हॉटेलात आहे. तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता पोलिसांना कळव. मी म्हटलं, परदेशी माणसाच्या हातात बंदूक बघून ते आधी काय करतील? थांब जरा. कफील इजिप्तला गेलाय, फोन लागत नाही.

थांब म्हटलं मी.

२३ जुलै
तो आंघोळीला गेला तेव्हा खिशातली आणि पेटीत उरलेली सगळी काडतुसं काढून संडासाच्या टाकीत टाकली. झाकण सरकवताना बोटं सोलली. आता ते नुसतं लाकूड आणि लोखंड. ओरडू दे किती ओरडायचं ते.

ओरडला नाही. खिसा चाचपला आणि खिडकीशी जाऊन बसला.

२४ जुलै
जेवताना बघत असतो. घास उचलायचा विसरतो.

विचारलं, आपल्या निकाहच्या दिवशी काय झालं होतं? मी सांगितलं, मांडवाचा खांब पडला, तुमच्या मामूंना लागलं. तो म्हणाला, "बरोबर. चांगलं शिकवलंय तुला."

कुणी शिकवलं?

आलिमाच्या गुडघ्यावरची खूण बघितली. बोटाने घासून बघितली, रंग आहे का. ती रडली. त्याने तिला बाजूला सारलं, दार लावावं तसं.

म्हणाला, विमानतळावर कुणीही येऊन सांगेल, मी तुझी बायको. एवढ्या काळानंतर माणूस काय ओळखणार? खऱ्या दोघी बाहेर उन्हात उभ्या आहेत आणि मी त्यांच्यावर गोळी झाडली.

जुनैदला सांगितलं, ये. उद्या सकाळची पाळी संपली की निघतो म्हणाला.

२५ जुलै, सकाळ
पांडूला आणि बाकीच्यांना ट्रक देऊन जेद्दाला पाठवलं त्याने. खताला म्हणे. पांडू मागे वळून बघत होता. मी हात केला — त्याला वाटलं, निरोप.

माझा फोन घेतला. तुझा नाही तो, हफीजाचा आहे, म्हणाला.

फाटकाला साखळी. किल्ली त्याच्याकडे.

बैठकीवर काडतुसांची नवी पेटी. कफीलच्या बंद खोलीचं दार फोडलेलं. मला त्या खोलीचा विचारच —

दुपार
कोठीच्या न्हाणीत. आतून कडी. दाराला घंगाळ आणि कपड्यांचं मशीन लावलंय. आलिमा मांडीवर. ही वही हातात होती, तशीच आणली. जुनैद, वाचलंस तर — चूक माझी, पोलिसांना तेव्हाच —

साखळी काढतोय. फाटकाची.

जुनैद आला असेल. नाही, गाडीचा आवाज नाही.

कुणाशी तरी बोलतोय. मऊ आवाजात. लग्नाच्या नव्या दिवसांत माझ्याशी बोलायचा तसा. "या, आत या. किती वेळ उन्हात उभं केलं मी तुम्हाला."

वेडा झालाय तो. फक्त वेडा. बाहेर कुणी नाही. पांडूने सांगितलंय, कुणी नसतं —

पावलं घरात. त्याची. त्याच्यामागे चपला. आणि छोट्या चपला. धावताहेत.

कोठीत आला. काडतुसं भरली. मोडलेली बंदूक मिटल्याचा खटका.

"तू मागे हो, हफीजा. पोरीचे डोळे झाक."

आणि कुणीतरी म्हणालं, बरं.

माझ्या आवाजात. माझ्याच हेलात —

आलिमाच्या तोंडावर माझा हात आहे. घट्ट. तिचा श्वास माझ्या तळव्यावर लागतोय. आणि दारापलीकडे आलिमा हसली. म्हणाली, अब्बू, उघडा ना, मला बघायच्यात त्या —