चढ ऐकू येतो

कामोठे,
शुक्रवार

प्रिय नूरीन,

सायकलवरचा चांगला टीव्ही कार्यक्रम कसा असतो गं? मला नाही सांगता येत. आणि गंमत बघ, सध्या त्याचाच मला पगार मिळतो. बाबा मार्केटात सगळ्यांना सांगतात, लेक टीव्हीत लागली. मग त्यांच्याबरोबर पोती उचलणारे विचारतात, कुठल्या सीरियलमध्ये? बाबा म्हणतात, सायकलच्या. त्यावर एकजण म्हणाला म्हणे, सासू कोण आहे त्यात? घरातली पहिली पदवीधर मुलगी काय करते हे सांगायला बिचाऱ्यांना अजून नीट वाक्य सापडलेलं नाही. मलाही कुठे सापडलंय!

तुझा रायान बसायला लागला, असं बतूल म्हणाली. फोटोत तो अगदी तुमच्या खलीलचाचांसारखा दिसतो, तसाच कपाळाला आठ्या घालून. तुला सविस्तर लिहायचं केव्हापासून मनात होतं. फोनवर आपण बोलतो, पण तो मध्येच रडतो आणि मग आपलं सगळं 'बरं, नंतर बोलू'वर येतं. म्हणून आज कागद घेतला.

तर कार्यक्रम. आमचा दिग्दर्शक स्वानंद माणूस चांगला आहे, पण त्याला सगळं भव्य लागतं. एक नमुना भाग करायचा, चॅनेलच्या विजयमाला मॅडमना दाखवायचा, त्यांना आवडला तर दर आठवड्याला अर्धा तास आपला. नाही आवडला तर ती वेळ पाककृतींना जाणार आणि माझी कच्ची नोकरीही त्याच फोडणीत. मी ठरवलं, खारघरच्या टेकडीचा चढ दाखवायचा. आपला चढ. स्वानंदने मोटारसायकलवर उलटं बसून शूटिंग केलं. सहा-सात चांगले सायकलवाले होते, घामाने निथळत होते. आणि नंतर बघतो तर काय, रस्ता सपाट! अगदी पाम बीच रोडसारखा सपाट. चढ कॅमेऱ्यात दिसतच नाही, हे मला तेव्हा कळलं. घरी दाखवलं तर बाबा म्हणाले, "सपाटीवर एवढी धापा का टाकाय लागलीत ही पोरं?" आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जेवली नसत्याल."

स्वानंद म्हणाला, सोप्पं आहे, कॅमेरा जरा तिरका धरू, टेन्शन नको. धरला. चढ दिसायला लागला, पण रस्त्यावरचे सगळे दिव्याचे खांब दारू प्यायल्यासारखे झुकले आणि फिरायला आलेले एक आजोबा आता पडतात की मग पडतात असे दिसू लागले. मी म्हटलं, हे खोटं आहे, मी नाही करणार. तो म्हणाला, "बाई गं, टीव्ही आहे हा, कोर्ट नाही." मग त्याने वरून स्टुडिओत एका बाईचा भारदस्त आवाज चढवला, 'गिरिशिखरांच्या कुशीत झेपावणारी ही चाकं' वगैरे. ती बाई इतकी आरामात बोलत होती, की तिला ऐकताना खुर्चीत टेकून बसावंसं वाटायचं. मॅडमनी तो नमुना बघितला आणि विचारलं, "यात सायकल कुठे आहे?" एक आठवडा मिळाला फक्त.

त्या आठवड्यात मला तू फार आठवलीस. कॉलेज सुटल्यावर आपण टेकडीवर जायचो तेव्हा तू मुद्दाम पायथ्याशीच मला काहीतरी लांबलचक विचारायचीस. घरी काय चाललंय, कोण काय म्हणालं. मी सुरुवातीला ऐटीत सांगायचे. पहिल्या वळणानंतर माझी वाक्यं अर्धी व्हायची, मग शब्द राहायचे, मग नुसतं हं. तू पुढून ओरडायचीस, "हं म्हणजे काय? पुढे सांग ना!" मला तेव्हा तुझा इतका राग यायचा. पण वर पोचल्यावर राहिलेलं वाक्य पुरं करताना हसू आवरायचं नाही.

नूरीन, चढ दिसत नाही. चढ ऐकू येतो!

मी स्वानंदला हे सांगितलं तेव्हा त्याने आधी मला चहा पाजला, मला ऊन लागलंय असं वाटून. मग म्हणाला, बरं, करून बघू. बतूलला बोलावलं. ती तुझी सायकल घेऊन आली. तिच्या कॉलरला छोटा माइक लावला, माझ्याही लावला, आणि म्हटलं, बोल काहीही. तुझी बहीणच ती. तिने जुनैदभाईंचीच गोष्ट काढली. ते तुला बघायला आले आणि तू सगळ्यांसमोर विचारलंस, सायकल येते का, ती. "ते म्हणाले, येते की, लहानपणापासून येते… आणि मग, ज्ञानूदी, करंजाड्याला… रोज पहाटे… मोकळ्या प्लॉटवर… शिकायला… गटार… धप्पकन… एक चप्पल… गेली…" मग नुसता श्वास, साखळीची कुरकुर, माझं हसणं, हसताना माझी सायकल वाकडीतिकडी गेल्याचा आवाज, बतूलचं "मरशील ना!" वर पोचून श्वास घेतला आणि तिने एका दमात संपवलं, "तर दुसऱ्यांदा घरी आले ते त्यांच्या भाईजानची चप्पल घालून!"

मॅडमनी ऐकलं. चित्राकडे त्या बघतही नव्हत्या. डोळे पुसत हसल्या. आणि त्यानंतर माइकमध्ये जे होतं, तेही त्यांनी ऐकलं. वर आम्ही दोघी बसलो होतो, माइक चालू आहे हे विसरलो होतो. बतूल म्हणाली, "आपाने ही सायकल चादरीखाली ठेवली होती. मी मागितली तर म्हणाली, तूच ठेव आता, माझ्याच्याने परत कधी तो चढ होणार नाही. आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला." इतकंच. मग मॅडम म्हणाल्या, "भाग इथे संपवा. मंजूर." स्वानंदने सगळ्यांना वडापाव मागवले. मीही खाल्ला, आणि खरं सांगते, आनंदाने खाल्ला.

घरी येताना मात्र कळलं, मला हे पत्र का लिहायचंय. तू मला हे कधी बोलली नाहीस. जे मला सांगितलं नाहीस, ते आधी अख्ख्या महाराष्ट्राने ऐकायचं? तुला विचारता आलं असतं. पण मी तुला ओळखते. माझी नोकरी आहे म्हटल्यावर तू 'चालेल गं' म्हणाली असतीस, आणि शेजारणी रायानला खेळवायला आल्या की त्यांची तोंडं बघत बसली असतीस. जुनैदभाईंच्या मेडिकलमध्ये तर गिऱ्हाइकांनी गोळ्यांआधी चपलांची चौकशी केली असती. म्हणून विचारत नाही, कळवते आहे. चढ तुला होईल की नाही हे मला ठाऊक नाही. घाई कसलीच नाही. होईल असं वाटलं तर मला हाक मार, नाही वाटलं तर मी करंजाड्याला येईन आणि आपण सपाटीवर बसून रायानच्या आठ्या मोजू. काल बतूलशी बोलले, तिने मान डोलावली. आज सकाळी मॅडमना सांगितलं, हा भाग नाही दाखवायचा. त्या म्हणाल्या, "वेडी आहेस. सोमवारपर्यंत दुसरा चढ आण." नाही जमला तर पाककृती. स्वानंद अजून कपाळाला हात लावून बसलाय. पण ते ध्वनिमुद्रण, गोष्टीसकट आणि वरच्या त्या बोलण्यासकट, मशीनवरून आणि त्याच्याकडच्या प्रतीतूनही, मी दुपारीच पुसून टाकलं.

तुझीच,
ज्ञानू