साठातले भजन पन्नासात

गिरीज, रविवार

ती. जगन्नाथदादांना मोरेश्वरचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल, असे धरून चालतो. वहिनींनाही नमस्कार सांगा. इकडे तुमची आई, म्हणजे आमची अनसूयाकाकी, शहाऐंशीव्या वर्षीही वालाच्या शेंगा आमच्या सगळ्यांपेक्षा भरभर सोलते.

तुम्ही अमेरिकेहून पाठवलेला जुना रिळांचा टेपरेकॉर्डर पोचला. सोबतच्या रिळाच्या डब्यावर तुमच्या अक्षरात ‘आई-बाबा, भजन’ वाचून मी आधी हात जोडले आणि मग यंत्र सरळ भिंतीतल्या प्लगात लावले. (हात नंतर जोडायला हवे होते.) ठप्प आवाज आला, धूर निघाला. बाजूच्या वाडीतला केनी, जो चर्चचे लाऊडस्पीकरही सांभाळतो, म्हणाला, “मोरूकाका, हे एकशेदहा व्होल्टवालं. तू त्याला दोनशेतीस पाजलंस.” त्याने फ्यूज बदलला आणि पाट्यासारखा जड ट्रान्सफॉर्मर आणला. तो सतत गुणगुणतो. भजनी मंडळातल्या दोघांनी तो तंबोरा समजून त्यावर सूर जुळवले.

यंत्र फिरले. चाळीस वर्षांपूर्वी काका-काकी तुमच्याकडे राहिले होते, तेव्हाचे ते भजन. आवाज खोल, म्हणून आम्ही तो काकांचाच धरला; लय अतिशय संथ. काका हयातीत जेवण सोडून कशातही इतके सावकाश नव्हते, पण मंडळाचे प्रमुख रमेशअण्णा डोळे मिटून म्हणाले की परदेशात गेल्यावर त्यांचे चित्त स्थिर झाले होते. तेव्हापासून दर गुरुवारी मंडळ रीळ ऐकते आणि त्याच लयीत म्हणते. तीन महिने झाले. टाळकऱ्यांचे खांदे धरले, नैवेद्याचा शिरा गार होऊ लागला, तरी तक्रार नाही. मलाही वाटायचे, देवाला घाई कुठे आहे? काकी दारात बसून शेंगा सोलत ऐकायची.

गेल्या गुरुवारी केनी ट्रान्सफॉर्मर न्यायला आला आणि ऐकताच हसला. म्हणाला, “व्होल्ट उतरवले, पण विजेचे सेकंदाचे सायकल तेच ना. अमेरिकेत साठ, आपल्याकडे पन्नास. मोटर हळू फिरते.” त्याने भजन मोबाइलमध्ये घेतले, वेग वाढवला आणि लावले.

बाईचा आवाज होता, दादा.

रमेशअण्णांचे मिटलेले डोळे उघडले. (आमच्या मंडळात बाया मागे बसतात, पुढे म्हणत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे.) काकीने सूप खाली ठेवले आणि म्हणाली, “मीच ती. तुझे काका टाळ धरून होते. तेही चुकत होते.”

मी विचारले, मग इतके दिवस बोलली का नाहीस?

“एवढे पुरुष माना खाली घालून ऐकत होते. कशाला थांबवू?”

असे सगळे आहे. आता कृपा करून यंत्राचे काहीही पाठवू नका. मोबाइलवर भागते.

तुमचा,
मोरेश्वर

ता. क. – येत्या पौर्णिमेला काकांच्या पुण्यतिथीला काकी पुढे बसून म्हणणार आहे. रमेशअण्णांनी दोन दिवस घेऊन होकार दिला. काकीची अट एकच, टाळ रमेशअण्णांनी धरायचे नाहीत.

आणखी एक – वर पाठवू नका लिहिले ते खोडलेले समजा. केनी म्हणतो, पन्नास सायकलला चालणारी मोटरची जाड पुली, म्हणजे वेग बरोबर करणारी चाकी, तिकडे मिळते. ती पाठवा. कारण पत्र बंद करताना काकीने हळूच विचारले, मग ह्यांचा आवाज कुठे आहे? तुमच्या माळ्यावर दुसरे रीळ असेल तर शोधा. भजनच हवे असे नाही, नुसती चहासाठी मारलेली हाक असली तरी चालेल. पुली मात्र आधी येऊ द्या, कारण मोबाइलमध्ये घेतानाही रीळ एकदा यंत्रावर संथच वाजणार आणि काकी दारातच बसलेली असणार. ती हाक संथ ऐकू आली, तर काकी उठायची नाही. म्हणेल, हे दुसरेच कोणीतरी.