उत्तर किनाऱ्यावरचं जाळं

लाँगयरब्येन, ९ ऑक्टोबर

प्रिय आयलिफ,

तुझी फेरीबोट नीट चालू असेल आणि पाठीचं दुखणं कमी असेल असं धरून लिहिते. इथे बेटावर पडलेला बर्फ आता टिकायला लागलाय. रविवारी आईशी फोनवर बोलले. तिचा गुडघा दुखतो, पण काठी घेत नाही. तिने सुकवलेला कॉड मासा पाठवलाय, तुझ्या वाटणीचाही माझ्याकडेच. तुझा पत्ता तिच्याकडे नाही म्हणाली. मी दिला नाही.

उन्हाळाभर आम्ही उत्तरेच्या किनाऱ्यांवर होतो. एक जण बंदूक घेऊन अस्वलावर नजर ठेवतो, बाकीचे वाकून प्लास्टिक वेचतात. मग ते इथे आणून कुठून आलं ते शोधायचं. लोकांना वाटतं, हा लांबच्या देशांचा कचरा. बाटल्या असतात तशा, पण वजनाने पाहिलं तर बहुतेक जाळी, दोर, माशांच्या पेट्या. आपल्याच बोटींच्या.

एका जाळ्यात दोन रेनडिअर अडकून मेले होते. शिंगं सोडवण्यात माझा अर्धा दिवस गेला. हाडं तिथेच ठेवली, जाळं आणलं.

जाळी ओळखायला आम्ही हाल्व्दानला बोलावतो. चाळीस वर्षं मासेमारी केलेला म्हातारा. त्याने ते जाळं टेबलावर पसरलं. "तुम्ही शिकलेली माणसं बाटल्यांवरची अक्षरं वाचता," म्हणाला, "गाठी कोण वाचणार? हे बघ, सगळ्या उलट्या. विणणारा डावखुरा होता."

आपले बाबाही डावखुरे. मी जाळं चाचपायला लागले. त्याने जाळं तरंगतं ठेवणारा एक बोया बाहीने पुसला आणि आपल्या घरच्या बोटीचा नंबर वर आला.

मग दोराचं टोक बोटांत फिरवत म्हणाला, "हा तुटलेला नाही. तुटला की धागे लांब-आखूड होतात. हा सुरीने कापलाय, तीन वारांत. घाईत होतं कुणीतरी."

आयलिफ, बाबा बुडाले तेव्हाच्या चौकशीत तू सांगितलंस की जाळं सोडताना त्यांचा पाय दोरात अडकला, ते पडले, आणि ओढून घेण्याआधीच दोर तुटला. ते दोराच्या वेढ्यात उभे राहिले, चूक त्यांचीच, असं कागदावर आलं. त्यात माझाही हात आहे. बाबांचे हात हल्ली थरथरतात, त्यांना नेऊ नकोस असं मी तुला बजावलं होतं, हे मीच चौकशीच्या साहेबांना सांगितलं. कुणी विचारलंही नव्हतं. मी शहाणी ठरावी, एवढंच. अकरा वर्षं त्या चुकीपायी आई गावातल्या दुकानात खाली मान घालून जाते.

योस्टाइनला फोन केला. त्या दिवशी बोटीवर तिसरा तोच होता. आधी हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "दोर बोटीखालच्या पंख्यात गेला होता, तोरुन. बोट आडवी झाली होती, पाणी आत येत होतं. कापला नसता तर तिघेही गेलो असतो."

"बाबा तेव्हा कुठे होते?"

"ते त्यालाच विचार," म्हणाला, आणि फोन ठेवला.

तर विचारते. तू दोर कापलास तेव्हा बाबा पाण्याच्या वर होते का? तुझ्याकडे बघत होते का?

कापलास म्हणून दोष देत नाही. तुझ्या जागी मीही कापला असता, असं रोज स्वतःला सांगते. एखाद्या दिवशी पटतंही. पण नंतर चूक त्यांच्यावर ढकललीस, ते गळ्याखाली उतरत नाही.

आमच्या नोंदीत एक रकाना असतो: हरवलं, टाकलं की कापलं. तीन दिवस तो मी कोरा ठेवला. खरं सांगायचं तर जाळं पुन्हा पोत्यात कोंबून कोपऱ्यात लोटलं होतं. काल रकाना भरला. कापलेलं. बोटीचा नंबरही लिहिला.

यादी एकवीस तारखेला मत्स्यखात्याकडे जाईल, आणि मग गावात कोण कधी वाचेल सांगता येत नाही. आईला ते तिथून कळू नये. तू जा. फोन करू नकोस, जा. मीही आले असते, पण मी असले की तू मला बोलू देतोस आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसतोस.

तू गेला नाहीस तर बावीसला मी तिला सांगेन. मला माहीत आहे तेवढंच सांगेन, आणि उरलेलं ती मनातल्या मनात जोडत बसेल.

अजूनही तुझी बहीण,
तोरुन